सहयोगी अध्ययन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सहयोगी अध्ययन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : महाविद्यालयीन व विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या लहान गटांत चर्चेच्या द्वारे चालणारे अध्ययन अधिक फलदायी व्हावे, म्हणून संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेण्याची पद्धती. गटांची रचना करणे, गटातील चर्चेचे विश्लेषण करणे, योग्य क्षणी चर्चेत प्रश्न टाकणे आणि कोणत्या गटाला मदतीची गरज आहे हे अध्यापकाच्या नजरेस आणणे, हे या साहाय्याचे मुख्य प्रकार होत. एकेका विद्यार्थ्यास स्वतंत्रपणे शिकविणाऱ्या संगणकीय शिक्षकाहून ही पद्धती तत्त्वतः भिन्न आहे. कारण येथे यंत्राने विद्यार्थ्याशी बोलावे यापेक्षा विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलावे, हा हेतू असतो.

सहकारी आणि सहयोगी हे शब्द व्यवहारात समानार्थी वापरले जात असले, तरी शिक्षणशास्त्रात त्यांत भेद करतात. अभियांत्रिकीच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पाच्या अहवालाची चार प्रकरणे वाटून घेतली, प्रत्येकाने आपापले प्रकरण लिहिले आणि शेवटी ती एकत्र बांधली, तर ते सहकार्य होय. त्यात श्रमविभागणी असते, पण इतर तीन प्रकरणांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसण्याचाही संभव असतो. सहयोगात सर्वजण एकाच प्रश्नावर एकाच वेळी विचार करतात व त्या प्रश्नाविषयी सर्वांना मान्य होईल असे आकलन घडवितात आणि टिकवितात. जेरेमी रॉशेल व स्टेफनी टीझ्ली यांनी १९९५ मध्ये केलेली सहयोगाची व्याख्या याच मुद्द्यावर भर देते व ती पुढील बहुतेक संशोधकांनी स्वीकारली आहे.

अशा अध्ययनाचे फायदे पुष्कळ काळापासून ज्ञात आहेत. जो विद्यार्थी आज दुसऱ्याच्या मदतीने एखादी गोष्ट करू शकतो, तो उद्या ती स्वतंत्रपणे करू शकेल, हा रशियन मानसशास्त्रज्ञ ल्येव व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचा सिद्धांत त्याच्या मुळाशी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत यूरी ट्राइझमन यांना १९७० नंतरच्या दशकात असे आढळले की, कलनशास्त्रात अपयशी ठरणारे अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू असूनही एकेकटे अभ्यास करीत, तर यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून गणिते सोडवीत व एकमेकांच्या चुका काढीत. या निरीक्षणावरून त्यांनी गटागटाने अवघड गणिते सोडविण्याचे वर्ग सुरू केले. हार्व्हर्ड विद्यापीठात एरिक माझुर यांनी १९९१ पासून भौतिकीच्या मोठ्या वर्गात व्याख्यान मध्येच थांबवून विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालण्यास लावण्याची पद्धती रूढ केली.

या सर्व प्रयोगांत कोण अधिक शिकतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. विचारणाऱ्यास उत्तर मिळते, म्हणून त्याचा लाभ होतो असे सामान्यतः समजले जाते. लॉस अँजेल्स येथील नोरीन वेब यांच्या संशोधनातून मात्र १९८० नंतरच्या दशकात असे दिसून आले की, सविस्तर स्पष्टीकरण देणाऱ्या विद्यार्थ्याची प्रगती विशेष होते. नुसते उत्तर मिळणाऱ्याची होतेच असे नाही. दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःच्या समजुतीतील फटी लक्षात येतात व त्या बुजवाव्या लागतात. शिकवणीचे काम करणाऱ्या कोणत्याही पदवीधरास हा अनुभव परिचित असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उपयोगाचा विचार करताना हा निष्कर्ष विसरून चालत नाही.

चर्चेचे प्रकार : गट बसविला म्हणजे सहयोग होतोच असे नाही. एक बोलतो व तिघे ऐकतात. एखादा हुशार विद्यार्थी सर्व काम ओढून नेतो. किंवा सगळे एकमेकांना ‘हो’ म्हणतात आणि काम लवकर आटोपते. इंग्लंडमधील नील मर्सर यांनी वर्गातील बोलण्याचे तीन प्रकार मानले आहेत : केवळ खंडनात्मक, केवळ दुजोरा देणारे आणि शोधक. शेवटच्या प्रकारात प्रत्येक विधानाला कारण मागितले जाते व दिले जाते. भारतीय परंपरेत न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठी केलेला वाद, विजयासाठी केलेला जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केलेली वितंडा असा भेद फार पूर्वीच केला होता [→ न्यायदर्शन]. मर्सर यांचा दुसरा प्रकार मात्र न्यायशास्त्रात येत नाही. कारण निमूटपणे मान डोलावणाऱ्यास नैयायिकांनी वादात गणलेच नसते. आजच्या वर्गात तोच प्रकार पुष्कळदा आढळतो.

शोधक चर्चा घडवून आणण्यासाठी अध्यापकाने गटात बसावे लागते आणि येथेच अंकगणित आडवे येते. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात चौघांचे १५ गट होतात; ४५ मिनिटांच्या तासात प्रत्येक गटाच्या वाट्यास अध्यापकाची तीन मिनिटे येतात. ती तीन मिनिटेही गट अध्यापकाकडे पाहून बोलतो. उरलेल्या ४२ मिनिटांत काय होते हे कळण्यास साधन नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मुख्यतः या ४२ मिनिटांसाठी मदत अपेक्षिली जाते.

इतिहास : शिक्षणातील संगणकाचा आरंभ व्यक्तिगत अध्यापनापासून झाला. हाइमे कार्बोनेल यांची स्कॉलर ही प्रणाली (१९७०) दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर एका विद्यार्थ्याशी प्रश्नोत्तरे करी. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये व्यक्तिगत शिकवणीची श्रेष्ठता आकडेवारीने मांडल्यावर प्रत्येकाला स्वतःचा शिक्षक देणे हेच संगणकाचे ध्येय होय, असे मत दृढ झाले. समूहाकडे नेणारा दुसरा प्रवाह त्याला समांतर वाहत होता. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या प्लेटो या प्रणालीवर १९७३ मध्ये सार्वजनिक टिपणवहीची सोय झाली. ती केवळ तांत्रिक अडचणी नोंदविण्यासाठी केली होती. पण विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी तीवर सर्व विषयांची चर्चा सुरू केली. टोराँटो येथे मार्लीन स्कार्डमालिया व कार्ल बेरायटर यांनी १९८० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या प्रणालीत विद्यार्थी आपले सिद्धांत व शंका एका सामाईक संग्रहात लिहीत आणि एकमेकांच्या लेखनात भर घालीत. इटलीतील माराटेआ येथे १९८९ मध्ये भरलेल्या परिसंवादापासून संगणक-साहाय्यित सहयोगी अध्ययन हे स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले जाऊ लागले. त्याची पहिली परिषद १९९५ मध्ये अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे भरली आणि या विषयास वाहिलेले आंतरराष्ट्रीय नियतकालिक २००६ मध्ये सुरू झाले.

साहाय्याचे प्रकार : गटरचना हा त्यांपैकी सर्वांत साधा प्रकार होय. विद्यार्थ्यांकडून त्यांचे पूर्वज्ञान, मोकळा वेळ, कौशल्ये इ. माहिती घेऊन संगणक अध्यापकाने ठरविलेल्या कसोट्यांनुसार गट पाडतो. अमेरिकेतील अभियांत्रिकी महाविद्यालयांत वापरात असलेल्या केटमी या प्रणालीत एखाद्या गटात एकटीच विद्यार्थिनी पडू नये, अशीही अट घालता येते. हातांनी शंभर विद्यार्थ्यांचे असे गट पाडणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी पाडले आहेत त्यांना सांगावयास नको.

चर्चेला आधीच क्रम व भूमिका नेमून देणे, हा दुसरा प्रकार. एकाने मत मांडावे, दुसऱ्याने शंका काढावी, तिसऱ्याने सारांश करावा आणि नंतर भूमिका बदलाव्यात, अशी संहिता संगणक गटाकडून पाळून घेतो. तथापि प्येर दिलेनबूर यांनी २००२ मध्येच इशारा दिला की, संहिता अति काटेकोर झाली, तर विद्यार्थी विचार सोडून संहिताच पाळत बसतात. हा इशारा आजही तितकाच लागू आहे.

चर्चेचे विश्लेषण हा गाभ्याचा भाग होय. अध्यापकांनी आधी काही चर्चांतील प्रत्येक वाक्याला खुणा कराव्या लागतात : हे विधान सकारण आहे, हे नुसते अनुमोदन आहे, हे विषयांतर आहे, इत्यादी. या खुणा केलेल्या नमुन्यांवरून संगणक शब्द व वाक्यरचना यांचे सांख्यिकीय संबंध शिकतो आणि नव्या चर्चेतील वाक्यांचे वर्गीकरण करतो. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात कॅरोलिन रोझे व त्यांचे सहकारी यांनी २००० नंतरच्या दशकात या पद्धतीस स्थिर स्वरूप दिले. अशा वर्गीकरणात चुका होतातच. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याला गुण देण्यासाठी त्याचा वापर करणे धोक्याचे असते, परंतु एखादा गट अडला आहे किंवा नाही एवढे ओळखण्यास ते पुरते.

याच संशोधकांनी चर्चेत भाग घेणाऱ्या संभाषक आज्ञावलीही, म्हणजेच व्यवहारातील चॅटबॉटही, तयार केल्या. कुशल अध्यापक चर्चा चालविताना काही ठराविक वळणे वापरतो : विद्यार्थ्याचे म्हणणे वेगळ्या शब्दांत मांडून ‘असेच ना?’ विचारणे, दुसऱ्यास ‘तुम्हांला हे पटते का व का?’ असे विचारणे, कारण किंवा पुरावा मागणे. लॉरेन रेझ्निक, सेरा मायकल्स व कॅथरिन ओकॉनर यांनी या वळणांचा अभ्यास केला होता. रोझे यांच्या आज्ञावलीने त्यांचा उपयोग केला.

उदाहरणादाखल रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातील तीन विद्यार्थ्यांची चर्चा घेता येईल. हायड्रोजन सल्फाइडाचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड असूनही तो सु. −६०° से.ला उकळतो आणि पाणी १००° से.ला उकळते, असे का? पहिली विद्यार्थिनी म्हणते, ‘पाण्यातले बंध मजबूत असतात’. इतर दोघे ‘बरोबर’ म्हणतात व पुढील प्रश्नाकडे वळतात. वरवर पाहता हे उत्तर योग्य वाटते व ते लिहिणाऱ्यास परीक्षेत काही गुणही मिळतील. परंतु ‘बंध’ म्हणजे रेणूच्या आतील ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुजी बंध की दोन रेणूंमधील हायड्रोजन बंध, हे तिने सांगितलेले नाही आणि दोघांपैकी कोणी विचारलेलेही नाही. पहिला अर्थ घेतला, तर पाणी उकळल्यावर वाफ न मिळता हायड्रोजन व ऑक्सिजन मिळावयास हवेत. येथे आज्ञावली उत्तर सांगत नाही. ती तिसऱ्या, आतापर्यंत गप्प असलेल्या विद्यार्थ्यास उद्देशून विचारते : ‘तिने म्हटलेले बंध नेमके कोठे आहेत, असे तुम्हांला वाटते?’ तो उत्तरला, की विद्यार्थिनीला आपले विधान स्पष्ट करावे लागते आणि मतभेद असल्यास तो उघड होतो. यंत्राचे काम एका वाक्यात संपते. पुढची दहा मिनिटे विद्यार्थ्यांची असतात. शालेय जीवशास्त्र व महाविद्यालयीन रसायनशास्त्र यांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष सारखे आले नाहीत. विद्यार्थ्यांचे वय, पूर्वज्ञान व विषय यांनुसार एकच वळण कोठे उपयुक्त, तर कोठे अडथळ्याचे ठरते. यावरून आज्ञावलीने केव्हा बोलावे यापेक्षा केव्हा बोलू नये हे ठरविणे अधिक कठीण आहे, असे दिसते.

दूरस्थ शिक्षणात निराळी अडचण येते. जॉर्जिया टेक या संस्थेतील अशोक गोयल यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेवरील ऑनलाइन अभ्यासक्रमात सु. ३०० विद्यार्थी एका सत्रात सु. १०,००० संदेश पाठवीत. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी साहाय्यक अध्यापकांच्या चमूत ‘जिल वॉटसन’ नावाची आज्ञावली दाखल केली; ती नित्याच्या प्रश्नांची उत्तरे देई. ती मनुष्य नाही, हे विद्यार्थ्यांना सत्राच्या शेवटी सांगण्यात आले. या प्रयोगाचा बराच गाजावाजा झाला. मात्र विद्यार्थ्यांना आधी न सांगण्यातील नैतिक प्रश्नाची चर्चा त्या मानाने कमी झाली. सहयोगाच्या दृष्टीने पाहता गोयल यांच्या गटाने नंतर तयार केलेली दुसरी आज्ञावली अधिक महत्त्वाची आहे. ती विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेल्या परिचयावरून एकाच गावचे, समान आवडींचे वा समान अडचणींचे विद्यार्थी एकमेकांस सुचविते व बाजूस होते.

भाषा-प्रतिमानांनंतरची स्थिती : नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना उपलब्ध झाल्यापासून परिस्थिती पालटली. पूर्वीच्या आज्ञावलीस प्रत्येक विषयासाठी स्वतंत्रपणे तयार करावे लागे. विशाल भाषा-प्रतिमाने कोणत्याही विषयावर, अनेक भाषांत, तत्काळ संभाषण करतात. त्यामुळे वर वर्णिलेली चर्चा चालविणारी आज्ञावली आता थोड्या सूचनांनी बनविता येते. परंतु या प्रतिमानांचा कल उत्तर देऊन मोकळे होण्याकडे असतो आणि दिलेले उत्तर चुकीचे असले, तरी ते तितक्याच आत्मविश्वासाने दिलेले असते. ज्या विद्यार्थ्याने पूर्वी शेजाऱ्याला विचारले असते, तो आता भ्रमणध्वनीला विचारतो. त्याला उत्तर मिळते, अनेकदा शेजाऱ्याच्या उत्तराहून चांगले मिळते. परंतु समजावून सांगण्याची शेजाऱ्याची संधी हुकते. वेब यांचे निष्कर्ष लक्षात घेतले, तर हे नुकसान विचारणाऱ्यापेक्षा शेजाऱ्याचे अधिक होते, आणि त्याने काही गमावले हे कोणत्याही नोंदीत दिसत नाही.

या संदर्भात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग उल्लेखनीय आहेत. पहिला हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीच्या १९४ विद्यार्थ्यांवर केला गेला. दोन धड्यांपैकी एक त्यांनी वर्गात गटचर्चेने व दुसरा घरी खास तयार केलेल्या कृत्रिम शिक्षकाकडून शिकला. कृत्रिम शिक्षकाकडून शिकताना ज्ञानात पडलेली भर वर्गातील भरीच्या दुपटीहून अधिक होती आणि वेळही कमी लागला. या निष्कर्षाने गटचर्चेचा पक्ष लंगडा पडतो असे काहींना वाटले. परंतु प्रयोग दोनच धड्यांचा होता व चाचणी धडा संपताच घेतली होती. प्रयोगकर्त्यांनी स्वतः असे सुचविले आहे की, प्राथमिक परिचय यंत्राकडून व्हावा व वर्गाचा वेळ उच्च प्रतीच्या चर्चेसाठी राखावा. शिवाय त्यांचा कृत्रिम शिक्षक एकदम पूर्ण उत्तर न देता पायरीपायरीने जाण्यास बांधलेला होता. ही बंधने किती महत्त्वाची आहेत हे दुसऱ्या प्रयोगावरून कळते. तो तुर्कस्तानातील माध्यमिक विद्यालयाच्या सु. १,००० विद्यार्थ्यांवर केलेला असला, तरी त्याचा बोध उच्च शिक्षणासही लागू पडतो. अनिर्बंध भाषा-प्रतिमान वापरून गणिताचा सराव करणाऱ्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. पण साधन काढून घेतल्यावर त्यांना ते कधीच न मिळालेल्या विद्यार्थ्यांहून १७ टक्के कमी गुण मिळाले. फक्त सूचक इशारे देणाऱ्या प्रतिमानाच्या बाबतीत हे नुकसान बव्हंशी टळले.

म्हणून गटकार्यात भाषा-प्रतिमान वापरताना काही अध्यापक ते गटाला सामाईक ठेवतात. व्यक्तिशः वापरू देत नाहीत. गटाने आधी आपले उत्तर लिहावे, मग यंत्राचे उत्तर घ्यावे व त्यातील दोष शोधावेत, अशीही रीत आहे. यंत्र चुकते हाच येथे गुण ठरतो. कारण पाठ्यपुस्तकाशी वाद घालण्यास न धजणारे विद्यार्थी यंत्राशी बिनदिक्कत वाद घालतात.

मर्यादा : प्रत्यक्ष वर्गात अनेक गट एकाच वेळी बोलत असता कोणाचे वाक्य कोणते, हे ओळखणे यंत्रास अवघड जाते. म्हणून बहुतेक संशोधन लिखित संभाषणावर झाले आहे. बोलणे नोंदले जात आहे हे ठाऊक असल्यास विद्यार्थी चुकीची शंका विचारण्यास कचरतात आणि अशा शंकांवाचून चर्चा निर्जीव होते. किती वेळा बोलला हे मोजले जाते असे कळल्यास काहीजण निरर्थक वाक्यांची भर घालतात. चर्चेच्या नोंदी किती काळ व कोणाजवळ राहाव्यात, हा प्रश्न भारतात डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे कायद्याच्या कक्षेत आला आहे.

भारतातील स्थिती : मोठे वर्ग ही भारतीय महाविद्यालयांची नित्याची अवस्था असल्याने या पद्धतीची गरज येथे अधिक भासते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संगणक-आज्ञावलीलेखनाच्या मोठ्या प्रथमवर्षीय वर्गात आधी एकट्याने विचार, मग जोडीदाराशी चर्चा व शेवटी वर्गापुढे निवेदन या पद्धतीचा अभ्यास करण्यात आला (२०१३). तीत सरासरी सु. ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. या प्रयोगात कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. मोठा वर्ग हा चर्चेस अपरिहार्य अडथळा नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

खरी अडचण भाषेची आहे. महाराष्ट्रातील अनेक विज्ञान व अभियांत्रिकी महाविद्यालयांत व्याख्यान व परीक्षा इंग्रजीत होतात, पण गटातील विचारविनिमय मराठीत, बहुधा इंग्रजी संज्ञा मिसळलेल्या मराठीत, आणि लेखी संभाषण रोमन लिपीतील मराठीत चालते. ‘बाष्पदाब वाढला की बॉइलिंग पॉइंट का घसरत नाही?’ अशा वाक्यात प्रश्न, शंका व गैरसमज ही तिन्ही असतात. इंग्रजी चर्चांवर शिकविलेले वर्गीकरण त्यातील एकही बिनचूक ओळखेल अशी खात्री देता येत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० मध्ये भारतीय भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा पुरस्कार केला आहे आणि केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या भाषिणी या उपक्रमामुळे भाषांतर व वाणी-अभिज्ञानाची साधने मराठीतही उपलब्ध होत आहेत. ही साधने वाक्याचे भाषांतर करतात. विद्यार्थ्याने कारण दिले की नुसता होकार भरला, हे ओळखण्यासाठी प्रत्यक्ष मराठी गटचर्चांचे, विद्यार्थ्यांच्या संमतीने घेतलेले व त्या त्या विषयाच्या अध्यापकांनी खुणा केलेले संग्रह लागतात. असे काम महाविद्यालयांतील अध्यापकांनाच करावे लागेल; कारण रसायनशास्त्रातील ‘बंध मजबूत’ या दोन शब्दांमागील गोंधळ त्यांनाच प्रथम ऐकू येतो.